आधी सांगावं की नंतर विचारावं?

एक उतारा डोळ्यांसमोर आणा. त्यात एका कामाची कृती सांगितली आहे. आधी सामानाचे वेगवेगळे ढीग करायचे, एका वेळी फार घ्यायचं नाही, घरी सोय नसेल तर बाहेर जाऊन उरकायचं, चूक झाली तर खिशाला चाट बसू शकते, आणि सगळं झालं की थोड्या दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू. एकही शब्द अवघड नाही. तरी उतारा संपतो तेव्हा आपण नेमकं काय वाचलं हे सांगता येत नाही.

जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शिया जॉन्सन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली अशा धर्तीचा एक उतारा लोकांना ऐकवला होता. विषय होता कपडे धुणे. हात्तिच्या! असं झालं ना? आता वरचा परिच्छेद परत वाचा, सगळं जागच्या जागी बसेल.

त्यांनी ऐकणाऱ्यांचे तीन गट केले होते. एका गटाला विषय आधी सांगितला, एका गटाला उतारा ऐकून झाल्यावर सांगितला, आणि एका गटाला सांगितलाच नाही. मग जेवढं आठवतंय तेवढं लिहायला लावलं. उताऱ्यात एकूण १८ मुद्दे होते. ज्यांना विषय माहीतच नव्हता त्यांना सरासरी तीन मुद्देसुद्धा आठवले नाहीत. ज्यांना आधी सांगितला होता त्यांना जवळपास सहा, म्हणजे दुप्पट. इथवर ठीक आहे, अपेक्षितच आहे. पण तिसरा आकडा मला गेले काही दिवस छळतोय. ज्यांना विषय नंतर सांगितला त्यांचा निकाल अजिबात न सांगितलेल्यांइतकाच वाईट लागला. म्हणजे तीच माहिती, तशीच माणसं, पण दोन मिनिटं उशिरा दिली की तिचा उपयोग शून्य.

आता शाळेतला वाचनाचा तास आठवा. धडा वाचायचा, आणि मग खाली स्वाध्याय. एका वाक्यात उत्तरे लिहा. कोण कोणास म्हणाले? सगळं नंतर! या विषयावर गेले तीन-चार वीकेंड वाचत बसलोय (बायकोच्या मते हा आजार आहे), आणि माझं असं मत झालंय की मुलांना वाचायला कसं शिकवावं यावरचे गेल्या पन्नासेक वर्षांतले निम्मे वाद या ‘आधी’ आणि ‘नंतर’ भोवतीच फिरतात. त्याचाच हा इतिहास, मला भावला तसा.

सुरुवात १९३२ पासून करावी लागेल. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी त्या वर्षी स्मरणशक्तीवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातला सगळ्यांत गाजलेला प्रयोग एका लोककथेचा. कथा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासींची, मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी टिपून ठेवलेली. दोन तरुण सीलची शिकार करायला नदीवर जातात, तिथे लढाईला निघालेली माणसं कनूतून येतात, एक तरुण त्यांच्याबरोबर जातो, त्याला बाण लागतो पण दुखत नाही, तेव्हा त्याला वाटतं की अरे, ही तर भुतं आहेत. घरी येऊन तो सगळं सांगतो, आणि सूर्य उगवताना त्याच्या तोंडातून काहीतरी काळं बाहेर पडतं आणि तो मरतो.

बार्टलेटनी ही कथा इंग्लंडमधल्या सुशिक्षित लोकांना वाचायला दिली, आणि मग काही मिनिटांनी, काही दिवसांनी, काही महिन्यांनी ती पुन्हा पुन्हा सांगायला लावली. काय झालं असेल? कनूची साधी बोट झाली. सीलची शिकार जाऊन मासेमारी आली. भुतं बऱ्याच जणांच्या कथेतून गायबच झाली. ते ‘काहीतरी काळं’ वाचकांना सहन होईना, त्याचा तोंडाला आलेला फेस तरी झाला किंवा शरीर सोडून जाणारा आत्मा तरी. गोष्ट दर वेळी जास्त आटोपशीर आणि जास्त इंग्लिश होत गेली. यातल्या कुणालाच मुद्दाम खोटं सांगायचं नव्हतं. त्यांच्या डोक्यात गोष्टीचा एक तयार साचा होता, नव्या गोष्टीतलं जे त्या साच्यात बसलं ते राहिलं, उरलेलं गळलं किंवा वाकलं. या साच्याला बार्टलेटनी शब्द वापरला ‘स्कीमा’. डेटाबेसवाल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. टेबलात जो कॉलमच नाही त्यात डेटा भरणार कसा?

गंमत म्हणजे या विचाराला पुढे नेणारे बरेचसे लोक आपल्याच जातकुळीतले निघाले. १९७०च्या दशकात कॉम्प्युटरला साधी गोष्ट ‘समजावी’ म्हणून खटपट चालू होती. मार्विन मिन्स्कींच्या ‘फ्रेम’ तेव्हाच्याच. रॉजर शँक आणि रॉबर्ट एबल्सन यांनी १९७७ साली ‘स्क्रिप्ट’ची कल्पना मांडली, हॉटेलात जाण्याची स्क्रिप्ट हे त्यांचं आवडतं उदाहरण. आपण म्हणतो, ‘काल वैशालीत गेलो, डोसा खाल्ला, आणि पाकीट घरीच राहिलंय हे लक्षात आलं.’ बिल आलं हे कुणीच सांगितलेलं नाही, तरी तुम्हाला कळलं. कॉम्प्युटरला ते कळेना! आणि १९७५ साली डेव्हिड रूमेलहार्ट यांनी चक्क गोष्टींचं व्याकरण लिहिलं. कंपायलरच्या पुस्तकात असतात तसे नियम: गोष्ट म्हणजे पार्श्वभूमी अधिक प्रसंग, प्रसंग म्हणजे घटना अधिक तिच्यावरची प्रतिक्रिया, वगैरे. (हो, हे तेच रूमेलहार्ट. १९८६ साली हिंटन आणि विल्यम्स यांच्याबरोबर बॅकप्रोपगेशनचा पेपर लिहिणारे. आजच्या चॅटबॉटांचं मूळ शोधत गेलात तरी याच माणसाच्या दारात पोचाल.) व्याकरण म्हणून ते फार टिकलं नाही, त्यावर भरपूर टीका झाली. पण त्या निमित्ताने जीन मँडलर, नॅन्सी स्टाइन अशा संशोधकांनी लहान मुलांवर जे प्रयोग केले ते टिकले. गोष्टीचे तुकडे उलटसुलट करून सांगितले तर मुलं आठवताना ते गुपचूप नेहमीच्या क्रमात लावून टाकतात. म्हणजे पहिली-दुसरीतल्या पोरांनाही गोष्टीचा सांगाडा माहीत असतो. कुणी शिकवला? आजीने. रोज रात्री, आटपाट नगर म्हणत म्हणत.

पण पाठ्यपुस्तक म्हणजे काही आटपाट नगर नव्हे, आणि खरी अडचण इथेच सुरू होते.

साधारण चौथीपर्यंत मुलं वाचायला शिकतात, आणि त्यानंतर शिकण्यासाठी वाचू लागतात. भूगोल, विज्ञान, नागरिकशास्त्र. यात राजा नाही, राणी नाही, शेवटी कुणी सुखी होत नाही. जीन चॉल या हार्वर्डच्या प्राध्यापिकेने १९८०च्या दशकात दाखवलं की गरीब घरांतली मुलं दुसरी-तिसरीपर्यंत इतरांच्या बरोबरीने वाचतात आणि चौथीच्या आसपास मागे पडायला लागतात. नेल ड्यूक यांनी बॉस्टन परिसरातले पहिलीचे वीस वर्ग वर्षभर पाहिले आणि २००० साली प्रसिद्ध केलं की माहितीपर मजकूर मुलांच्या वाट्याला येतो दिवसाकाठी सरासरी ३.६ मिनिटं. गरीब वस्त्यांतल्या शाळांत त्याहूनही कमी.

मग या माहितीपर मजकुराला काही सांगाडा असतो का? असतो. तो सगळ्यांत चिकाटीने मोजला बॉनी मायर यांनी, १९७५ पासून पुढे. त्यांच्या मते बहुतेक माहितीपर मजकूर पाचच मुख्य सांगाड्यांवर उभा असतो. त्यांची उदाहरणं अमेरिकन आहेत, आपण आपला कांदा घेऊ. कांद्याच्या जाती, रंग, आकार सांगितले, तर ते वर्णन. रोपवाटिकेपासून काढणीपर्यंत सांगितलं, तर क्रम. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला, माल भिजला, म्हणून आवक घटली आणि भाव चढले, हे कार्यकारण. साठवलेला कांदा सडतो, त्यासाठी खालून वारा खेळेल अशी उंचावरची कांदाचाळ बांधतात, हा प्रश्न आणि त्याचा उपाय. आणि खरिपाचा लाल कांदा लवकर विकावा लागतो पण उन्हाळी कांदा महिनोन्‌महिने टिकतो, ही तुलना. विषय एकच आहे, पण प्रत्येक वेळी वाचकाने वेगळ्या ठिकाणी पाय रोवून उभं राहायला हवं. कांदाचाळीचा उतारा वर्णन समजून वाचला तर चाळीची लांबी-रुंदी लक्षात राहील आणि ती बांधली कशासाठी हेच निसटेल.

१९८० साली मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नववीच्या मुलांना असे उतारे दिले (एक तेलवाहू महाजहाजांवर होता) आणि आठवेल ते लिहायला सांगितलं. चांगलं वाचणाऱ्या मुलांतल्या बहुतेकांनी लेखकाचाच सांगाडा उचलला होता: अडचण ही, उपाय हे. वाचनात कच्च्या मुलांतल्या बहुतेकांनी मात्र जे आठवलं ते सुटं सुटं लिहून काढलं, किराणा मालाच्या यादीसारखं. शब्द त्यांनाही वाचता येत होते. मजकूर कसा उभा आहे हे दिसत नव्हतं.

आता पुढचा प्रश्न: जे दिसत नाही ते दाखवता येतं का? मायर यांचा एक ऑस्ट्रेलियन विद्यार्थी होता, नाव ब्रेंडन बार्टलेट. (केंब्रिजच्या बार्टलेटांशी संबंध फक्त आडनावाचा.) त्याने १९७८च्या आपल्या प्रबंधासाठी नववीच्या मुलांना थोड्याशाच तासांत हे सांगाडे ओळखायला शिकवलं, आणि त्यांची आठवण जवळजवळ दुप्पट झाली. दुप्पट! वरच्या कपडे धुण्याच्या प्रयोगात विषय आधी सांगून जो फरक पडला होता, साधारण तेवढाच.

आणि शाळांत त्या वेळी काय चाललं होतं? इलिनॉय विद्यापीठाच्या डोलोरेस डर्किन यांना असाच प्रश्न पडला आणि त्या सरळ चौथीच्या वर्गांत जाऊन मागच्या बाकावर बसल्या, हातात घड्याळ घेऊन. शिक्षक आकलन ‘शिकवतात’ म्हणजे नेमकं किती मिनिटं? वाचनाच्या तासांची ४,४६९ मिनिटं त्यांनी पाहिली. त्यात आकलन शिकवण्याची मिनिटं निघाली २०. अर्धा टक्का पण नाही. समाजशास्त्राच्या तासांत तर एकही नाही. शिक्षक कामचुकार होते असं अजिबात नाही, ते तासभर प्रश्न विचारत होते, उत्तरं तपासत होते, वर्कबुकं वाटत होते. डर्किन यांचं म्हणणं असं की ही सगळी समजलं की नाही याची तपासणी झाली, समजावं कसं हे कुणी सांगतच नव्हतं. आपल्या भाषेत बोलायचं तर सगळा वेळ टेस्टिंगमध्ये, कोड कुणी लिहीतच नव्हतं :-) १९७८-७९ साली हा पेपर आला आणि तिकडच्या वाचनसंशोधनात तो अजूनही हमखास उद्धृत होतो.

इथवरची गोष्ट मानसशास्त्राची. आता ती सिडनीला जाते, आणि तिथे तिला राजकारण चिकटतं. मला सगळ्यांत जास्त रस या भागात आहे.

मायकेल हॅलिडे हे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ १९७६ साली सिडनी विद्यापीठात भाषाशास्त्र विभाग उभारायला आले. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे जिम मार्टिन हा तरुण कॅनेडियन रुजू झाला. मार्टिन आणि जोन रॉथेरी यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला प्राथमिक शाळांतल्या मुलांचं लेखन गोळा करायला घेतलं. त्यात काय सापडलं? वर्षामागून वर्षं मुलं एकच प्रकार लिहीत होती: काल आम्ही इथे गेलो, मग हे केलं, मग ते केलं, खूप मजा आली. शाळा म्हणत होती की मुलांना हवं ते लिहू द्या. मुलं बिचारी जे येत होतं ते लिहीत होती. आणि माध्यमिक शाळेत गेल्यावर अचानक त्यांच्याकडून प्रयोगाची कृती, ज्वालामुखीचं स्पष्टीकरण, दोन्ही बाजू मांडणारा निबंध अशा गोष्टी मागितल्या जात होत्या, ज्या त्यांना कुणी कधी दाखवल्याच नव्हत्या.

त्या काळात इंग्रजी बोलणाऱ्या जगात दुसऱ्याच वाऱ्याचा जोर होता. अमेरिकेचे डोनल्ड ग्रेव्ह्‌ज आणि त्यांच्या विचाराचे लोक सांगत होते की लेखन मुलाच्या आतून यायला हवं, विषय त्याचा, आवाज त्याचा, शिक्षकाने वाट अडवू नये. ऐकायला छान वाटतं, आणि त्यात तथ्यही होतं. त्याआधीच्या घोकंपट्टीपेक्षा हे शंभर पटींनी माणुसकीचं होतं. पण सिडनीकरांनी एक खवचट प्रश्न विचारला: ज्या घरात जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रातल्या अग्रलेखावर वाद होतात त्या घरातल्या मुलाच्या ‘आतून’ जे येईल, तेच बापाची फॅक्टरीत रात्रपाळी आणि आईला इंग्रजी येत नाही अशा घरातल्या मुलाच्या आतून कसं येणार? शिक्षकाने मोठ्या मनाने बाजूला उभं राहायचं ठरवलं, तर फायदा कुणाचा? ज्याला आधीच माहीत आहे त्याचा.

म्हणून त्यांनी लेखनप्रकार, म्हणजे जॉनर, उघड्यावर मांडायचं ठरवलं. मार्टिन यांची जॉनरची कल्पना साहित्यातली नाही. समाजात एखादं काम साधण्यासाठी टप्प्याटप्प्याने जाणारी भाषेची रीत, असा तिचा साधारण आशय. तक्रार अर्ज हा जॉनर, पाककृती हा जॉनर. आपलं मॅन पेजही जॉनरच. नोव्हेंबर १९७१ मधल्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलपासून नाव, सिनॉप्सिस, डिस्क्रिप्शन अशा मथळ्यांची तीच चाल. ज्याला ही चाल ठाऊक आहे तो तीन सेकंदांत हवा तो फ्लॅग शोधतो. नवीन पोरगा मात्र पहिल्या ओळीपासून कादंबरीसारखं वाचत बसतो आणि स्वतःला ढ समजतो. टीममध्ये कुणी त्याला सांगतं का की बाबा रे, हे असं वाचतात? क्वचित. सगळ्यांना वाटतं, यात काय सांगायचं!

सिडनीत हे काम मुख्यतः गरीब आणि स्थलांतरित वस्त्यांतल्या शाळांत झालं. अशा शाळांना जादा मदत देणारी सरकारी योजना १९७०च्या दशकापासून चालू होती, तिच्या मेट्रोपॉलिटन ईस्ट विभागातले शिक्षक आणि हे भाषाशास्त्रज्ञ एकत्र आले. पद्धत तीन पायऱ्यांची. आधी त्या प्रकारचा एक चांगला नमुना सगळ्यांनी मिळून उघडायचा, कुठला भाग काय काम करतोय ते पाहायचं. मग तशाच प्रकारचा नवा मजकूर सगळ्या वर्गाने मिळून रचायचा, मुलं वाक्यं सुचवणार, शिक्षक फळ्यावर लिहिताना ती घासूनपुसून घेणार. आणि त्यानंतरच प्रत्येकाने आपापलं लिहायचं. म्हणजे परीक्षा सगळ्यात शेवटी. यावर जोरदार भांडणं झाली. साचेबंदपणा, सर्जनशीलतेचा खून, हे तर वरच्या वर्गाच्या भाषेपुढे लोटांगण, असे सगळे आरोप झाले. १९८८ साली अमेरिकेत लिसा डेल्पिट या आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासिकेने जवळपास हाच वाद वेगळ्या वाटेने मांडला: सत्तेच्या संस्कृतीचे नियम ज्यांना घरी मिळालेले नाहीत त्यांना ते स्पष्ट सांगितले तर मिळवणं सोपं जातं, आणि ज्यांना घरीच मिळालेले असतात त्यांना असं काही नियम-बियम आहेत हेच दिसत नसतं. मला हे इतकं पटलं की त्या रात्री झोप उशिरा लागली.

न्यू साउथ वेल्सच्या १९९४च्या प्राथमिक इंग्रजी अभ्यासक्रमात ही मंडळी थेट शिरली. मग वर्तमानपत्रांत आणि पालकांत हॅलिडेंच्या नव्या व्याकरणावरून ओरड झाली, १९९५ साली अभ्यासक्रमाची फेरतपासणी झाली, आणि १९९८च्या आवृत्तीत नवं व्याकरण जाऊन जुनं परत आलं. लेखनप्रकार मात्र राहिले.

इथपर्यंतचा भर लेखनावर होता. वाचनाकडे तो पूर्णपणे वळवला डेव्हिड रोझ यांनी, १९९०च्या दशकाच्या शेवटी, ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी मुलांबरोबर काम करताना. ही मुलं माध्यमिक शाळेत पोचली होती आणि वाचन मात्र पहिल्या इयत्तांतच अडकलेलं. रोझनी वर्गातल्या प्रश्नोत्तरांकडे बारकाईने पाहिलं. शिक्षक प्रश्न विचारतो, कुणीतरी उत्तर देतं, शिक्षक बरोबर-चूक सांगतो. (या तीन ठोक्यांच्या चालीचं वर्णन सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड यांनी १९७५ सालीच करून ठेवलं होतं.) हात नेहमी त्याच चार-पाच मुलांचे वर. बाकीच्यांना दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षं, एकच गोष्ट शिकायला मिळते: आपल्याला येत नाही.

रोझनी क्रम उलटा केला. मजकूर उघडण्याआधी शिक्षक साध्या बोलीत सांगणार की हा कशाबद्दल आहे आणि कुठल्या टप्प्यांनी जाणार आहे. मग मोठ्याने वाचून दाखवणार. मग एक छोटा उतारा वाक्यावाक्याने घ्यायचा. वाक्याचा अर्थ शिक्षक आधी सांगतो, तो कुठे सापडेल तेही सांगतो, आणि मग एका मुलाला नाव घेऊन विचारतो: हे सांगणारे शब्द या वाक्यात कुठे आहेत? मूल शोधतं, सापडतात, सगळा वर्ग त्याखाली रेघ मारतो. प्रत्येकाची पाळी येते आणि प्रत्येकाचं उत्तर बरोबर येतं. तेवढं झालं की शिक्षक त्या शब्दांवर अवघड काहीतरी सांगतो, कारण आता सगळेच ऐकायच्या अवस्थेत असतात.

आता तुम्ही म्हणाल, हे तर स्पूनफीडिंग झालं! उत्तर आधीच सांगितलं तर मुलं शिकणार काय? मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. पण कपडे धुण्याचा तो तिसरा गट आठवा. आणि हेही आठवा की मध्यमवर्गीय घरात आई मांडीवर घेऊन पुस्तक वाचते तेव्हा ती अगदी हेच करत असते. ‘आता बघ हं, ससा दमलाय, तो आता काय करेल?’ त्याला कुणी स्पूनफीडिंग म्हणत नाही, संस्कार म्हणतात.

या सगळ्याला मर्यादा आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. १९८८ सालचा रेक्ट आणि लेस्ली यांचा प्रयोग घ्या: बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं, तर वाचनात कच्ची पण बेसबॉलची जाणकार मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. विषयाची माहितीच नसेल तर सांगाडा ओळखून फार काही हाती लागत नाही. मायर यांच्या पद्धतीचा पुढे कौसलाई विजेकुमार यांच्यासोबत कॉम्प्युटर ट्यूटर बनला आणि त्याची २०१२ साली चौथीच्या वर्गांत मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिथे संशोधकांच्या स्वतःच्या चाचण्यांत फरक चांगला दिसला, सर्वसाधारण प्रमाणित चाचणीत छोटा. आणि साचेबंदपणाचा जो आरोप झाला होता तो काही अंशी खराही ठरला. ऑस्ट्रेलियात २००८ साली नॅपलॅन ही देशव्यापी परीक्षा सुरू झाली, तिच्यात ठरावीक प्रकारचं लेखन मागितलं जाऊ लागलं, आणि मग शाळांनी काय केलं असेल ते दहावीचे अपेक्षित प्रश्नसंच पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. मतप्रदर्शनाचा सांगाडा घोटून घेतला की मत असण्याची गरज उरत नाही!

सांगाडे घोटण्यात आपण कुणाला हार जाणार नाही म्हणा. वर्णनात्मक, कल्पनाप्रधान, आत्मवृत्तात्मक, वैचारिक, हे निबंधाचे प्रकार आपण सगळ्यांनी पाठ केलेत. फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त कुठे सुरू होतं आणि कुठे हुंदका येतो हे आजही झोपेत सांगता येईल. म्हणजे लेखनप्रकार आपल्याला शिकवले गेले, पण फक्त लिहिण्यासाठी, आणि तेही परीक्षेबाहेर कुणी कधीच न लिहिणारे प्रकार. विज्ञानाचा धडा कुठल्या प्रकारचा आहे, इतिहासातली ‘कारणे व परिणाम’ कशी वाचायची, हे मात्र कधीच नाही.

त्याहून मोठी गंमत व्याकरणाच्या पुस्तकात आहे. मायर मुलांना सांगाडा ओळखण्यासाठी खुणेचे शब्द शोधायला शिकवतात: पण, याउलट, म्हणून, त्यामुळे, कारण. यादी वाचताना सारखं वाटत होतं की हे कुठेतरी पाहिलंय. मग पेटली. उभयान्वयी अव्यय! परंतु न्यूनत्वबोधक, म्हणून परिणामबोधक, कारण हे कारणबोधक, जर-तर संकेतबोधक. आपल्या व्याकरणकारांनी मजकुराच्या सांध्यांची ही तयार यादी करून ठेवलेली आहे, आणि आपण ती ‘अधोरेखित शब्दाचा प्रकार ओळखा’ एवढ्यासाठी वापरली. एका मार्काला. एखाद्या बाईंनी त्या यादीसकट भूगोलाचा धडा उघडला असता तर?

करून पाहायला काही लागत नाही. कांदाचाळीचाच परिच्छेद घ्या. वाचायच्या आधी सांगायचं: यात एक अडचण आहे, ती का येते ते आहे, आणि मग लोकांनी काय केलं ते आहे. अडचण पहिल्या दोन ओळींतच सापडेल. मग वाचून दाखवायचं. मग एकेक वाक्य: इथे कांदा का सडतो ते सांगितलंय, त्याआधी एक शब्द आलाय जो ‘आता कारण सांगतो’ अशी वर्दी देतो, कुठला? इथून उपाय सुरू होतो, ‘म्हणून’ सापडतोय का बघ. आणि हा ‘म्हणून’ वाला प्रश्न पहिल्या बाकावर आधीच वर झालेल्या हाताला विचारायचा नाही. तो खिडकीबाहेर बघत बसलेल्याला, नाव घेऊन.